हलीमाबीचा हेवा

हलीमाबीला आशाबाईचा हेवा वाटतो, हे अमरावतीतल्या त्या दोन गल्ल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या आशाबाईला. आणि हलीमाबीनं तो कधी लपवला आहे म्हणाल, तर तसंही नाही. समोर फतकल मारून बसायचं, आशाबाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा आणि बांगड्या चढवता चढवता तिच्या तोंडावर हेवा करायचा, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. आशाबाईला ते प्रेम वाटतं. थोडंफार असेलही, पण हलीमाबी ते कबूल करायची नाही.

हलीमाबीचा धंदा बांगड्या भरण्याचा. आई तेच करायची, सासरही बांगडीवाल्यांचंच मिळालं. नवरा गयासुद्दीन जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा शाहनवाज अकोल्यात एका दुकानात नोकरीला आहे, आणि त्याची मुलगी तुबा कॉलेजसाठी आजीजवळ राहते. दुकानांत डब्यातल्या तयार बांगड्या मिळायला लागल्यापासून घरी बोलावून बांगड्या भरून घेणाऱ्या बायका कमी झाल्या. तरी लग्न निघालं, डोहाळजेवण निघालं, की हलीमाबीची आठवण होतेच. दुकानातला माणूस माप विचारतो, हलीमाबी विचारत नाही. तिनं हात नुसता दाबला की तिला कळतं. कोण धुणं स्वतः धुते, कोणाकडं बाई आहे, कोणाचं नवऱ्याशी पटत नाही, हे सगळं हातावरून ओळखता येतं असा तिचा दावा आहे. शेवटचं सोडलं तर बाकीचं बहुधा खरं निघतं.

आता आशाबाईचा हात. माप सव्वादोन. तीन बाळंतपणं झाली, अंग सुटलं, गुडघे गेले, साठी उलटली, पण मनगट मात्र लग्नातलं तसंच राहिलं. बांगडी अंगठ्याच्या बुडापाशी जरा थांबल्यासारखी करते आणि आपोआप आत जाते. हलीमाबीचे स्वतःचे हात काचेनं चिरून चिरून चरबट झालेले. त्यात नवरा गेल्यापासून मोकळे. "तुह्यासारखा हात देवानं मले देल्ला असता तं म्या धंदा केला नसता, नुसती बसून पाह्यत राहिली असती," असं ती प्रत्येक वेळी म्हणते. आशाबाई हसते. तिला वाटतं, ग्राहक खूश ठेवायची ही एक रीत असेल.

हेवा करायला हात हे एकच कारण नव्हतं. दोघी एकाच गावच्या. सातपुड्याच्या पायथ्याला, संत्र्याच्या पट्ट्यात त्यांचं गाव. आशाच्या बापाची काळी जमीन, हलीमाच्या आईची डोक्यावरची टोपली. आशाला दिवाळीत नवं परकर-पोलकं, हलीमाला ईदेला मिळालं तर मिळालं. पुढं लग्नंही दोघींची अमरावतीतच झाली, आणि तिथंही आशाचं घर पक्कं, हलीमाचं टिनाचं. आशाचा नवरा जानराव अजून धडधाकट आहे, सकाळी फिरायला जातो, संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो. नवरा म्हणून तो फार ग्रेट होता असं नाही, पण तो आहे. हलीमाबी दर श्रावणात आशाबाईच्या हातात हिरवा चुडा भरते, डझन झाला की रीतीप्रमाणे वरची एक बांगडी पैसे न घेता चढवते, आणि मनात म्हणते, हिचं सगळं असंच, डझनावर एक.

एकदाच, आयुष्यात एकदाच, हलीमाबीनं आशाबाईवर मात केली होती.

तीन वर्षांपूर्वी मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं की पुढं काय दिवस येतील सांगता येत नाही, जन्माचा कागद करून ठेवलेला बरा. कोणी टीव्हीवर काय ऐकलं, कोणी मोबाइलवर. कोणाचं काय, कोणाचं काय, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, की ज्याच्याजवळ कागद नाही त्याचं काही खरं नाही. हलीमाबीचा जन्म घरातला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. मग तिनं प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज दिला, जन्मगावच्या तालुक्याला चार खेपा घातल्या आणि उशिरा का होईना, रीतसर जन्मदाखला मिळवला. त्याला प्लास्टिक चढवलं. आणि पहिल्यांदा कुठं नेला असेल तर आशाबाईच्या घरी.

"तुह्याकडं हाय का असा?" तिनं विचारलं.

"नाई वं माय," आशाबाईनं तो उलटून पालटून पाहिला. "माहा जनम कोन लिहून ठेवला? माय म्हणे, मूग निंघाले तवा तू झाली."

आशाबाईच्या घरातून हलीमाबी त्या दिवशी ताठ मानेनं बाहेर पडली. आशाबाईजवळ नाही असं काहीतरी आपल्याजवळ आहे, या आनंदात तिनं घरी जाऊन शेवया केल्या. पुरती दोन वर्षं हा आनंद टिकला.

मग सरकारनं असे उशिरा नोंदवलेले दाखले पुन्हा तपासायला काढले, आणि हलीमाबीच्या दारात नोटीस आली. तुबानं ती दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं. आपल्या जन्मदाखल्यावरील जन्मवर्ष व आधारकार्डावरील जन्मवर्ष यात दोन वर्षांची तफावत आढळून आलेली असून सदर दाखला बनावट माहितीच्या आधारे मिळविल्याचा संशय आहे. तरी आपण अमुक तारखेस जन्माच्या पुराव्यासह समक्ष हजर राहावे, अन्यथा दाखला रद्द करण्यात येऊन आपल्याविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल.

"कारवाई मतलब?" हलीमाबीनं विचारलं.

"केस," तुबा म्हणाली. "पुलिस केस, दादी."

कोणाच्याही काळजात धस्स झालं असतं. हलीमाबीच्याही झालं. पण त्या धस्सच्या पाठोपाठ, भीती अजून नीट बसलीही नव्हती तेवढ्यात, तिच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो असा, की आशीला आली का नोटीस?

तुबा पुरावे शोधायला लागली. शाळेचा दाखला चालतो, असं तिनं मोबाइलवर वाचलं. "स्कूल का तो तेरे मामूदादा का है," हलीमाबी म्हणाली. मामूदादा म्हणजे तिचा धाकटा भाऊ नईम. तो सातवीपर्यंत शाळेत गेला. त्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ, सही, शिक्का, सगळं आहे. "आपको क्यूं नहीं भेजा?" तुबानं विचारलं. हलीमाबी म्हणाली, "टोकरी कोन उठाता?" नईम तिच्या पाठीवर वाढला, तिनं सांभाळलेला भाऊ. त्याच आईच्या पोटी, त्याच गावात जन्मलेला. त्या दिवशी तिला त्याचाही राग आला. पण भावाचा हेवा करायची तिला सवय नव्हती, म्हणून तो राग तिनं उचलला आणि दोन गल्ल्या ओलांडून आशाबाईकडं नेला.

सोबत बांगड्यांची पेटी होतीच. "हात दे," ती म्हणाली.

"आत्ताच तं भरल्या, महिना नाई झाला," आशाबाई म्हणाली, पण हात दिला. तिला कोणी हात मागितला की ती देते.

"तुले काही कागद आला का कचेरीतून?"

"कायचा?"

"जनमाचा. नोटीस."

"मले कायची नोटीस येते? माह्यापाशी कागदच नाई तं तपासतीन काय?" आशाबाई सहज म्हणाली. "तुले आली का?"

सव्वादोनच्या हातावर हलीमाबीनं दोनची बांगडी लावली आणि दाबली. आशाबाईच्या अंगठ्याखालचं मांस पांढरं पडलं. "हळू वं," आशाबाई म्हणाली. हलीमाबीनं आणखी दाबली. चाळीस-पन्नास वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं, बांगडी कडकन दोन ठिकाणी गेली आणि आशाबाईच्या मनगटावर रक्ताचा एक बारीक दोरा उमटला.

सवाष्णीच्या हातात बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं. भरणारीनं ते आधी म्हणायचं, म्हणजे भरून घेणारीच्या मनात काही येत नाही. हलीमाबी ते म्हणायला विसरली. आशाबाईच म्हणाली, "वाढली, वाढली. काही नाई," आणि पदरानं रक्त टिपत तिनं विचारलं, "नोटीस आली का तुले? मंग रागावून कावून राहिली माह्यावर?"

त्या दिवशी हलीमाबी तशीच उठून आली. पण दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा जावं लागलं, आणि या वेळी मागायला. कारण तिच्या जन्माचा साक्षीदार एकच माणूस जिवंत होतं, आणि ती आशाबाईची आई पार्वताबाई होती.

झालं होतं असं. हलीमाबीची आई पोटुशी असतानाही टोपली घेऊन गावात बांगड्या भरायला फिरत होती. पार्वताबाईच्या ओसरीवर ती शेजारणींच्या हातात बांगड्या भरत बसली होती, आणि तिथंच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. घरी नेण्याइतका वेळ नव्हता. ओसरीला लुगडं आडवं बांधलं आणि हलीमा तिथं जन्मली. पार्वताबाईच्या मांडीवर तेव्हा सहा महिन्यांची आशा होती. म्हणजे ज्या घराचा हलीमाबीनं जन्मभर हेवा केला, त्याच घरात तिनं पहिला टाहो फोडला होता. हे तिला ठाऊक होतं, पण त्याची कोणी आठवण करून दिलेली तिला आवडत नसे.

मागायचं कसं, याची तिनं बरीच जुळवाजुळव केली होती. ती वायाच गेली. तिनं "तुही माय" एवढंच म्हटलं आणि आशाबाई म्हणाली, "मायले नेऊ ना. तिच्याशिवाय कोन सांगीन? मी येतो संगं. केशवले फोन करतो, तो तिले गाडीत घालून आणते." केशवराव म्हणजे आशाबाईचा भाऊ, गावी संत्र्याची बाग पाहतो. दोन मिनिटांत सगळं ठरलं. आशाबाईनं वर चहाही ठेवला. ज्याचा हेवा करावा त्यानं निदान थोडी आढेवेढे घेण्याची तरी मेहेरबानी करावी, म्हणजे मागणाऱ्याचं तोंड राहतं. आशाबाईला तेवढीही अक्कल नव्हती.

तारखेच्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. तुबाचा पेपर होता. आशाबाईनं तिखट पुऱ्या बांधून घेतल्या होत्या, अंगावर चांगलं लुगडं नेसली होती, खिडकीची जागा धरून बसली होती. तिच्या दृष्टीनं हे माहेरी जाणं होतं. अमुकचा मळा विकला, तमुकची सून पळून गेली, असं ती वाटभर सांगत होती. हलीमाबीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती, आणि त्या पिशवीत जेवढे कागद मावतात तेवढे सगळे होते. दर दहा मिनिटांनी ती पिशवी चाचपून बघत होती. आशाबाईच्या हातात पुऱ्यांचा डबा, आपल्या हातात ही पिशवी, एवढं तिनं पाहिलं आणि ती बाहेर बघायला लागली.

कचेरीच्या व्हरांड्यात तीसेक माणसं बसलेली होती. म्हातारे, बायका, एक बाळंतीण. प्रत्येकाजवळ तशीच एक पिशवी. केशवरावानं आईला आणून बाकावर बसवलं आणि तो गाडी लावायला गेला. पार्वताबाई पंच्याऐंशीची, तोंडात दात नाही, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. तिनं हलीमाबीचा हात धरला आणि म्हणाली, "वायली नं वं तू." हलीमाबी वाळली होती खरी.

आत एकेकाचं नाव पुकारत होते. आशाबाई ऐकत होती. पाच नावं झाली, सात झाली, दहा झाली. मग तिनं हलीमाबीच्या कानाशी तोंड नेलं.

"एवढे सारे तुमचेच लोकं कावून हायेत वं?"

हलीमाबीनं तिच्याकडं पाहिलं. आशाबाईच्या चेहऱ्यावर खोच नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. एवढं मोठं वय होऊन, रोज बातम्यांच्या टीव्हीसमोर बसून, एखाद्या माणसाला असली गोष्ट कळू नये, एवढं बेफिकीर आयुष्य कोणाच्या वाट्याला यावं, याचा हलीमाबीला त्या व्हरांड्यात सपाटून हेवा वाटला. "मले काय माईत," ती म्हणाली.

दुपारी नाव पुकारलं. तिघी आत गेल्या. साहेब तरुण होता, चष्म्याचा, बोलायला सभ्य. त्यानं पार्वताबाईला खुर्ची दिली. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते त्याच्या वाईटपणामुळं झालं असं कोणी समजू नये.

पार्वताबाईनं सगळं नीट सांगितलं. ओसरी, लुगडं, कळा, हरभऱ्याची सोंगणी चालू होती म्हणून घरात पुरुष माणूस नव्हतं, पाणी आपण तापवलं, नाळ सासूनं कापली. "माह्या ह्या हातानं म्या इले पुसली," ती म्हणाली. साहेबानं लिहून घेतलं. कारकुनानंही मान वर करून ऐकलं. हलीमाबीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

"आजींचं आधारकार्ड द्या," साहेब म्हणाला. त्यानं ते पाहिलं, हलीमाबीचा दाखला पाहिला, पुन्हा ते पाहिलं. "आजी, तुमचा जन्म एकोणीसशे बावन्नचा. हलीमाबींचा दाखल्यावर बासष्टचा. म्हणजे यांचा जन्म झाला तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या होता."

"दहा वर्साची असताना तं माहं लगनबी नोतं झालं," पार्वताबाई म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

मग ते कसं झालं हे उलगडलं. गावात आधारचा कॅम्प लागला होता, तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं होतं, आजी, वय किती. पार्वताबाईची पिढी विसांनी मोजते. वीस म्हणजे एक विसा. तिनं सांगितलं, "तीन विसा आन् वर काई." त्यानं तीन विसा म्हणजे साठ लिहिले. वरचे काही सोडून दिले. ते वरचे काही बारा वर्षं होते.

"वर काही म्हणजे किती, ते सांगायचं ना आजी," साहेब म्हणाला.

"काई म्हंजे काई. त्यानं इचारलं असतं तं सांगतलं असतं."

कारकून हसला. साहेबही हसला. मग त्यानं पेन खाली ठेवलं. "माझा विश्वास आहे हो, पण मला कागदावर जावं लागतं. कागदाप्रमाणं ही साक्ष घेता येत नाही."

हलीमाबीनं घरून ठरवूनच आणलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण तिचं लक्ष आशाबाईकडं गेलं. आशाबाई आईच्या खुर्चीमागं उभी होती, आणि आईच्या "काई म्हंजे काई"वर तीही हसत होती. ते हसू हलीमाबीला सहन झालं नाही.

"साहेब, मंग हे कशी झाली?" तिनं आशाबाईकडं बोट केलं. "हे तं माह्याहून सहा मैने मोठी हाय. इची सख्खी माय हाय ते. नऊ वर्साच्या पोरीले पोरगी झाली का? इचा जनम खोटा हाय का?"

आशाबाईचं हसू थांबलं.

साहेबानं हात हलवला. "नाही हो बाई. ती आधारची चूक आहे. खेड्यापाड्यात सगळीकडं अशाच चुका आहेत."

"मंग माह्या आधारात दोन वर्साची चूक निंघाली ते चूक कावून नाई?" हलीमाबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसत चालला होता. "ते बी कॅम्पातच झालं. तिची बारा वर्साची चूक हाय तं चूक म्हणता. माही दोन वर्साची हाय तं बनावट म्हणता. मले बी तं चुकू द्या ना साहेब थोडंसं."

साहेबानं नोटिशीचा कागद हातात घेतला आणि परत ठेवला.

तेव्हा आशाबाई पुढं आली. तिला काय वाटलं कोण जाणे. बहुतेक बांगडीच्या दिवशीचा तो प्रश्न, माझ्यावर का रागावतेस, त्याचं उत्तर तिला त्या क्षणी सापडलं असावं. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "साहेब, मंग माहीबी चौकशी करा. ही तं आमच्या ओसरीत जनमली, इथली हाय. मी इथली नाईच. मायचं पयलं बायतपन माहेरी झालं, तिकडं मध्य प्रदेशात, मुलताईच्या अंगाले. माह्यापाशी कायचाच कागद नाई. इले इचारता तं मले बी इचारा."

पार्वताबाईनं मान हलवली. "हाव. खरं हाय. तिकडंच झाली ते."

जे हलीमाबीनं महिनाभर मनात मागितलं होतं, ते आशाबाई स्वतःहून टेबलावर ठेवत होती. तिचं लक्ष आशाबाईच्या हातांवर होतं. बोटांची पेरं पांढरी झाली होती, मनगटाची शीर उडत होती. हिरव्या बांगड्या एकमेकींवर बारीक वाजत होत्या. आशाबाई घाबरली होती. तिनं हे शूरपणानं म्हटलं होतं आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं होतं की आपण काय म्हटलं. हा हात हलीमाबीनं हजार वेळा धरला होता, पण तो असा कधी पाहिला नव्हता. एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला बरं वाटलं.

साहेब हसला, समजूतदारपणानं. "तुमचं राहू द्या, आई," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

आशाबाईनं टेबल सोडलं. तिची बोटं सैल झाली, रंग परत आला, बांगड्या मनगटावरून खाली घसरून कोपरापाशी गेल्या कारण तिनं हात वर करून कपाळाचा घाम पुसला. आणि ती बसली. तिनं सोडलेला श्वास हलीमाबीला ऐकू आला.

तिनं बसू नये, असं हलीमाबीला वाटलं नाही. आपल्याला कोणी "तुमचं राहू द्या" म्हटलं असतं तर आपण याहून लवकर बसलो असतो, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिचं दुःख निराळंच होतं. हात, घर, नवरा, चुडा, या सगळ्यांचा हेवा करण्यात तिनं जन्म घालवला, आणि जिचा करायचा ती ही चीज कधी तिच्या नजरेतच आली नव्हती. "तुमचं राहू द्या", चार शब्दसुद्धा नाहीत ते. कोणीतरी सहज म्हणतं आणि माणूस सहज बसतं.

साहेबानं पुढच्या महिन्याची वीस तारीख दिली. पार्वताबाईच्या वयाचा दुसरा पुरावा आणा, जुन्या मतदार यादीत नाव असेल तर नक्कल काढा, असं कारकुनानं कळकळीनं सांगितलं. तो भला माणूस होता. त्यानं चिठ्ठीवर काय काय लागेल ते लिहूनही दिलं. हलीमाबीनं ती चिठ्ठी पिशवीत ठेवली. पिशवी तेवढ्यानं आणखी जाड झाली.

केशवराव आईला घेऊन गावी गेला. दोघी एसटी स्टँडवर बाकावर बसल्या. गाडीला तासभर अवकाश होता. आशाबाईनं डबा उघडला आणि दोन पुऱ्या हलीमाबीच्या हातावर ठेवल्या. मग म्हणाली, "म्या म्हणलं होतं वं त्याले. त्यानंच नाई इचारलं."

"माईत हाय," हलीमाबी म्हणाली.

"तू रागावली का?"

"नाई."

पुरी तिखट होती, जरा तेल जास्त झालेली. हलीमाबीनं ती चावून चावून खाल्ली. समोर चांदूरची गाडी लागली, भरली, निघून गेली.

"वीस तारखेले येशीन?" तिनं विचारलं.

"येईन ना. कावून नाई? घरी बसून काय करू?" आशाबाई म्हणाली आणि डब्याच्या तळातली चुरी चिमटीनं गोळा करायला लागली.

ती येणार, यात हलीमाबीला शंका नव्हती. वीस तारखेला सकाळी ती पुऱ्या बांधेल, चांगलं लुगडं नेसेल, खिडकीची जागा धरेल. तिला यायचं काही कारण नव्हतं, तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती न आली तर तिचं काही बिघडणार नव्हतं, आणि तरी ती येणार होती. हलीमाबीनं पिशवी छातीशी घेतली आणि शेजारी बसलेल्या बाईकडं बघितलं. साठ वर्षांत तिनं तिच्या पुष्कळ गोष्टींचा हेवा केला होता, पण इतका खोल लागलेला याआधीचा एकही तिला आठवेना.